शाळा आणि क्लास यांच्या मधले पाकीट

सांगलीत विश्रामबागला मी बरीच वर्षे नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. वर्ग सुटल्यावर बाकांचे कप्पे आवरताना जी रिकामी पाकिटे हाती येतात, त्यांवरून मुलांनी दुपारनंतर काय खाल्ले ते न विचारता कळते. सकाळी सातला घर सोडलेले मूल शाळेतून थेट क्लासला येते, डबा मधल्या सुट्टीतच संपलेला असतो, आणि दहा रुपयांत जे मिळेल ते खाऊन ते समीकरणे सोडवायला बसते.

मागच्या महिन्यात असेच एक पाकीट मी मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. मक्याचे पीठ, पामतेल, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून कारखान्यात बनवलेली भुकटी), मग ६२७ आणि ६३१ हे चववर्धक. यांतले काहीही बेकायदेशीर नाही, पण शेवटचे तिन्ही पदार्थ आपल्या कोणाच्याही फडताळात सापडणार नाहीत, आणि अतिप्रक्रियायुक्त अन्नाची तीच सोपी खूण आहे. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये मांडलेल्या विचारातून, अन्नावर किती प्रक्रिया झाली त्यावरून गट पाडणारी जी ‘नोव्हा’ वर्गवारी घडली, तिच्यात हे अन्न चौथ्या म्हणजे सर्वाधिक प्रक्रियेच्या गटात येते.

पालकांशी बोलले की, ‘आमचा बारीकच आहे, खाऊ दे,’ हे उत्तर ठरलेले असते. माझी काळजी वजनापुरती नाही, अशा खाण्याने शरीरात आतून होऊ शकणाऱ्या दाहाची, म्हणजे सुजेची आहे. जखम झाल्यावर येणारी सूज उपयोगाची आणि तात्पुरती असते. मी म्हणते तो दाह मंद असतो, दुखत नाही, ताप आणत नाही, दाह असला की रक्तात वाढणाऱ्या सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन या प्रथिनाच्या पातळीवरून त्याचा अंदाज येतो, आणि तो वर्षानुवर्षे टिकला तर मधुमेह व हृदयविकार यांची वाट सोपी होते. चोथा नसलेल्या खाण्याने आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंची उपासमार होते. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दोन पायसीकारकांनी (तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थांनी) आतड्याचे संरक्षक अस्तर बिघडवून असाच मंद दाह निर्माण केल्याचे दिसले. उंदरांवरून मुलांचे निदान करता येत नाही, आणि मुलांवरचे अभ्यास बहुतेक निरीक्षणाचे आहेत, म्हणून अमुक पाकिटाने अमुक आजार झाला असे मी कोणाला सांगत नाही. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत २० प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, ताटात साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा सारखाच ठेवूनही, अतिप्रक्रियायुक्त अन्न खाताना त्यांच्या पोटात साध्या अन्नापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त गेल्या. मोठ्यांना जिथे हात आवरता आला नाही, तिथे चौदा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा का करावी?

आपले गाव हळदीचे, त्यामुळे रात्री हळदीचे दूध दिले की भरपाई झाली असे अनेकांना वाटते. तशी भरपाई होत नाही. भडंगातही तेल-मीठ असतेच, पण शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता डोळ्यांना दिसतात. मूठभर भडंग, तासगावचे बेदाणे किंवा फोडणीची पोळी यांतले काहीही दुसऱ्या छोट्या डब्यात बसते.

शाळेच्या आवारात आणि त्यापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. क्लासच्या दारात तो कोणी पाहत नाही, आणि मुलांचे वेळापत्रक तर आपणच आखलेले आहे. म्हणून मी संध्याकाळचा वर्ग वीस मिनिटे उशिरा सुरू करते, आणि त्या वेळात मुले बाकावर बसून घरचा डबा खातात. अभ्यासक्रम मागे पडेल, अशी तक्रार दोन पालकांनी केली आहे. त्यांच्या मुलांसाठी मी रविवारी जादा तास घेईन, पण ही वीस मिनिटे कमी करणार नाही.