पंचवीस कुणाचे वाजले?

रविवारी सकाळी पोह्यांवर जिरावन भुरभुरता भुरभुरता बाबा थांबले. "ही कसली टिकटिक?"

"गाणं आहे. 'ट्वेंटीफाइव्ह ओ'क्लॉक'. पंचवीस वाजलेत."

"लोकांचे बारा वाजलेले पाहिलेत मी. पंचवीस कुणाचे?"

एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचे! पण रेकॉर्डवर तसं नाव नाही. १ एप्रिल १९८५ ला, मुद्दाम तीच तारीख धरून, इंग्लंडात 'द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर' या बँडची सहा गाण्यांची रेकॉर्ड आली. ऐकणाऱ्याला वाटावं, १९६७ सालची आहे, कुणाच्या तरी माळ्यावर सापडली. वादक कोण? सर जॉन जॉन्स, द रेड कर्टन, लॉर्ड कॉर्नेलियस प्लम. म्हणजे इंग्लंडातल्या स्विंडन गावची, एक्सटीसीचीच नेहमीची मंडळी: अँडी पार्ट्रिज, कॉलिन मोल्डिंग, डेव्ह ग्रेगरी. ड्रमवर डेव्हचा भाऊ इयन.

पार्ट्रिज एरवी एकेका गाण्याचा कीस पाडणारा. १९८२ मध्ये स्टेजच्या धास्तीनं त्यानं दौरेच बंद केले होते. इथं मात्र नियम ठरले: गाणी १९६७-६८ च्या सायकेडेलिक, म्हणजे स्वप्नात तरंगल्यासारख्या थाटाची, शक्य तिथं सामान जुनं आणि एक गाणं दोनपेक्षा जास्त वेळा रेकॉर्ड करायचं नाही. बजेट पाच हजार पौंड, निर्माता जॉन लेकी, दोन आठवड्यांत काम आटोपलं. आणि ही खोट्या नावाची रेकॉर्ड त्यांच्याच आदल्या वर्षीच्या 'द बिग एक्सप्रेस'पेक्षा इंग्लंडात जास्त खपली! बिचाऱ्यांना हसावं की रडावं कळलं नसेल.

मला यात नवल वाटत नाही. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यापाशी गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत बघा. वर्षभर कॉलरचं बटण न सोडणारा साहेब, तोंड ओळखू येईनासं झालं की टँकरच्या फवाऱ्याखाली कसा नाचतो.

माझा एक मित्र म्हणतो, "भिया, नक्कलच ऐकायची तर सरळ बीटल्स ऐक ना!" त्याला मी याच रेकॉर्डमधलं 'द मोल फ्रॉम द मिनिस्ट्री' ऐकवतो. त्यातला मेलोट्रॉन ऐका. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो, त्यावर बासरी किंवा व्हायोलिन आधीच वाजवून ठेवलेलं. पट्टी आठेक सेकंद दाबून धरली की टेप संपते, सूर गप्प. असल्या लहरी धुडाशी झटणं हे नुसत्या टवाळखोराचं काम नाही, त्याला जीव लागतो.

बाबांना पटवायला मात्र मला देवासला, कुमार गंधर्वांकडे जावं लागलं. लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करणारा तो मुलगा पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' हा गाण्याचा कार्यक्रम घेऊन बसला, तेव्हा नक्कल उरली होती का?

"पण हे तर आवाजच काढतायत," बाबा म्हणाले.

बरोबर पकडलं. पहिल्या रेकॉर्डपुरतं ते मला मान्य आहे. तिच्यात धमाल जास्त. पण याच ड्यूक्सच्या १९८७ च्या दुसऱ्या रेकॉर्डमध्ये, 'सोनिक सनस्पॉट'मध्ये गाणी सरस आहेत. मधूनमधून एक लहान मुलगी काहीतरी अगम्य गोष्ट सांगते, ती मला जरा जास्तच होते, ते असो. शेवटचं 'पेल अँड प्रेशस' बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या थाटाचं, आवाजांवर आवाज रचलेलं. इथं पार्ट्रिजला बीच बॉइज उमजलेत, असं माझं ठाम मत. ही थट्टा नव्हे.

तेच लावलं. बाबांच्या हातातली जिलबी हातातच राहिली, पाक मनगटापर्यंत ओघळला. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव. ती टिकटिक नको, हे."