'दम लागत नाही, मग तपासणी कशाला?'

सध्या एक मेसेज फिरतोय: 'लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं की हृदय कायमचं बरं. दम लागत नसेल, बीपी नॉर्मल असेल, तर इको-एमआरआय म्हणजे पैसे उकळणं. दातांच्या डॉक्टरलाही सांगायची गरज नाही.' तो वाचून फॅलोचं (हा हृदयाचा एक जन्मजात दोष) ऑपरेशन झालेल्या, अगदी घरातल्यासारख्या एका मुलीने तपासणी रद्द केली. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

आधी 'दम लागत नाही'. याच्याइतकं घातक त्या मेसेजात दुसरं काही नाही. फॅलोमध्ये हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. ती रुंद करताना बऱ्याचदा झडपेच्या कड्यालाच चीर देऊन पॅच लावावा लागतो. वाट मोकळी होते, पण झडप नीट मिटत नाही आणि दर ठोक्याला थोडं रक्त मागे येतं. उजवा कप्पा हे वर्षानुवर्षं निमूट सोसतो आणि फुगत जातो. माणसाला जाणवणार कसं? लहानपणापासून त्याने स्वतःची तेवढीच ताकद पाहिलेली असते. व्यायाम करताना ऑक्सिजन मोजणारी चाचणी केली की खरं काय ते दिसतं.

इको हवाच, पण या कप्प्याचा आकार इतका वेडावाकडा की त्याचं आकारमान नीट मोजायला एमआरआयच लागतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा. झडप खूप गळत असेल आणि उजवा कप्पा फुगत जाऊन शरीराच्या दर चौरस मीटरमागे प्रसरणात 160 किंवा आकुंचनात 80 मिलीलिटरपर्यंत पोचला, तर झडप बदलण्याचा विचार करा, असं त्यात आहे. आणि तेही लक्षणं *नसलेल्या* रुग्णांबद्दल! फार उशीर केला तर नवी झडप बसते, कप्पा मात्र पूर्ववत होत नाही. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांमधून विद्युत लहर जायला लागणारा वेळ, 180 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की जीवघेण्या अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो, तोही दम न लागता.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र पंचविशीच्या आत बंद झालं असेल आणि मागे काही उरलं नसेल, तर नियमित तपासणी लागत नाही, असं हीच तत्त्वं सांगतात. धडधड सुरू झाली तर जायचं, एवढंच. पण ही सवलत फॉन्टानवाल्यांनाही, म्हणजे शिरांमधलं रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवण्याचं ऑपरेशन झालेल्यांनाही, वाटून टाकायची? त्यांच्या फुफ्फुसांकडे रक्त ढकलायला कप्पाच नसतो, शिरांमधला दाब कायम चढा राहतो आणि त्याचा मार यकृताला बसतो.

दातांचं म्हणाल तर कृत्रिम झडप असेल, पूर्वी हृदयात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा पॅचच्या कडेने गळती उरली असेल, तर हिरड्यांना धक्का लागणाऱ्या उपचाराआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, एकदाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं औषध. डॉक्टरला सांगितलंच नाही तर तो देणार कसं?

आणि बीपी. महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त करताना काही जणांत डाव्या हाताची धमनीच वापरलेली असते. त्या हातावर बीपी कमीच दिसणार. उजव्या हातावर मोजा.