अंडं वर्गणीवर नको

हर्णैजवळच्या आमच्या वाडीतून गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. ती शाळेत पोषण आहार शिजवते, महिना २५०० रुपये मानधनावर. "भावजी, पोरांच्या अंड्यांसाठी काय पाठवाल? मुंबईवाल्यांनी दिलंय थोडं." पैसे त्याच दिवशी पाठवले. राग मात्र गेला नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं; न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. वाद रंगला तो शाकाहार-मांसाहाराचा. आमच्या किनाऱ्यावर प्रश्न वेगळाच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, हातात रोकड नाही, आणि शाळा भरते ती नेमकी जूनच्या मध्यावर. एरवी बांगडा-मांदेली शिजणाऱ्या घरात तेव्हा भात आणि सुक्या जवळ्याची चटणी. प्राथमिकच्या मुलाला शाळेच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यात त्यातली निम्मी असतात.

"शाळेची खानावळ झाली, शिकवणार कधी?" हे गावी गेलो की ऐकतो. गुरुजींना तांदळाचा हिशेब ठेवायला लावू नये, हे मलाही पटतं. पण जेवण आणि शिकणं वेगळं काढता येत नाही. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत हा आहार मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभरही न मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाले, गणिताचे ९ टक्क्यांनी.

मी फिनलंडमध्ये एस्पोला राहतो. लेक शाळेतच जेवते, फुकट, सगळ्या मुलांसारखीच. बाईही मुलांबरोबर जेवायला बसतात. या देशाने हा कायदा केला १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना. १९४८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. तेव्हा मुलं रानातली फळं वेचून शाळेत आणत. म्हणजे लोकसहभाग इथेही होता. तरी जेवण देण्याची जबाबदारी कायद्याने नगरपालिकेचीच होती. मुलांनी फळं आणली नाहीत म्हणून ताट रिकामं राहत नसे.

या पैशांत दिवाळीपर्यंत भागेल, असं वहिनी म्हणाली. मग पुन्हा फोन येईल, मी पुन्हा पाठवीन. पण खाडीपलीकडच्या वाडीतलं कुणी परदेशात नाही.