पत्ता अपुरा

चौतीस वर्षं रेल्वे टपाल सेवेत सॉर्टिंग केलेल्या माणसाने परक्याच्या मुलखात, जेवणाच्या टेबलावर एक वाक्य कधीही बोलू नये. ते मी बोललो. "पत्ता कसलाही असू दे, मी लावतो."

त्याचं असं झालं. उन्हाळ्यात आम्ही दोघं कॅनडात मॉन्ट्रियलला लेकीकडे गेलो होतो. जावई तिथलाच, फ्रेंच बोलणारा केबेक प्रांतवाला. विहीणबाई दोन चौक पलीकडे राहतात आणि दर रविवारी जेवायला येतात. त्यांचं इंग्रजी बेताचं, मला फ्रेंचचा गंध नाही, त्यामुळे आमचे संबंध फार चांगले आहेत. तिकडे सासूला 'बेल-मेर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'सुंदर आई'. लेकीने हे सांगितलं तेव्हा आमच्या हिने माझ्या कैलासवासी आईच्या फोटोची आठवण काढून नुसतं "हं" केलं.

तर विहीणबाईंनी विचारलं, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता? मी पिजनहोलांपासून, म्हणजे पत्रं लावायच्या खणांपासून, सुरुवात करून त्या वाक्यापर्यंत पोचलो. लेकीने भाषांतर केलं. विहीणबाईंचे डोळे चमकले. पुढच्या रविवारी त्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

डब्यात त्यांच्या पणजोबांचा इतिहास होता. इतिहास म्हणजे एक फोटो आणि एक चिठ्ठी. फोटोत गाडी, घोडा आणि गाडीवान. घोडा अतिशय स्पष्ट आलाय. गाडीवानाच्या तोंडासमोर घोड्याचं तोंड आहे. चिठ्ठीवर कुणा आजीने पेन्सिलीने खरडलेलं: 'जोसेफ, गाडीवान, सेंट आंत., आर. द्यू लू'. शिवाय तोंडी माहिती अशी की पणजोबा १८८० नंतर कधीतरी मॉन्ट्रियलला आले आणि पहिलं महायुद्ध बघूनच गेले. आडनाव इथे देत नाही. नातेसंबंध जपायचे आहेत. पण मॉन्ट्रियलच्या बाजारात खडा मारला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल, इतकं ते घाऊक आहे.

"आठ दिवस," मी म्हणालो.

सुरुवात तर झकास झाली. मॉन्ट्रियल शहराची वर्षवार डिरेक्टरी आहे. १८४२ साली मॅके नावाच्या गृहस्थाने ती काढली, छापायला जॉन लव्हेलचा छापखाना होता, आणि पुढे पुस्तकाला छापणाऱ्याचंच नाव चिकटलं. लव्हेल म्हटलं की तिथे डिरेक्टरीच. सगळे खंड घरबसल्या फुकट बघता येतात. एका भागात माणसं आडनावांच्या क्रमाने, दुसऱ्या भागात रस्त्यागणिक, घर नंबरांच्या क्रमाने. कुठला रस्ता कुठे छेदतो तेसुद्धा मध्येमध्ये दिलेलं. पोस्टमनची बीट छापून बांधली तर ती अशीच दिसेल. वर-खाली पियानोच्या, विम्याच्या जाहिराती. आणि सगळं इंग्रजीत! गाव बहुतांशी फ्रेंच, पुस्तक इंग्रजी. 'लॅब' म्हणजे मजूर, 'विड' म्हणजे विधवा. मला तर ऑफिसात परत रुजू झाल्यासारखं वाटलं.

मग मी विहीणबाईंच्या आडनावाचं पान उघडलं. एक पान संपलं, दुसरं संपलं. जोसेफ, जोसेफ, जोसेफ, मग जोस., जोस., जोस. त्यातले नुसते गाडीवान वेचले तरी अकरा निघाले.

जावयाने समजावलं की इकडे बाप्तिस्म्याच्या वेळी बहुतेक प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ लावायचे आणि मुलीच्या नावाआधी मारी. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चि. आणि चि.सौ.कां. लावतात त्यातलाच प्रकार. त्यामुळे जोसेफचं रोजचं नाव जोसेफ असेलच असं नाही. आणि कागदावर झां-बाप्तिस्त असेल तो मुळात जोसेफ नसेलच असंही नाही. मी त्याला म्हटलं, "जावईबापू, उद्या जेवायच्या वेळी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

तरी मी एक जोसेफ निवडला. का, ते विचारू नका. सॉर्टरचा हात असतो. १८८५ च्या खंडात तो वुल्फ रस्त्यावर होता. पुढच्या वर्षी तिथे नाही. शोधशोध शोधला तर शेजारच्या माँकाम रस्त्यावर. वुल्फ आणि माँकाम हे १७५९ च्या केबेकच्या लढाईतले एकमेकांविरुद्धचे सेनापती, दोघंही त्याच लढाईपायी मेले, आणि आता मॉन्ट्रियलमध्ये एकमेकांना खेटून समांतर पडले आहेत. माझा जोसेफ इंग्रजांकडून फ्रेंचांकडे आला म्हणून मला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिथूनही गुल.

हा माणूस भाडं बुडवतो की काय, असा मला संशय यायला लागला. पण त्याची चूक नव्हती. त्या काळी शहरातले भाडेकरार एप्रिलअखेर संपत आणि १ मेला निम्मं शहर घर बदले. माणसं नव्या जागी टेकली की मग लव्हेलचे लोक यादी करायला निघत. आता ती तारीख १ जुलै आहे, १९७४ पासून. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी लेकीच्या गल्लीत फुटपाथवर गाद्या, गाद्यांवर कुंड्या, आणि बाहेरून वळत जाणाऱ्या लोखंडी जिन्यावर चार माणसं एका फ्रिजला मिठी मारून उभी. फ्रिज वर चाललाय की खाली, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. आमची ही गॅलरीतून म्हणाली, "अहो, तुमचा जोसेफ बघा त्यात आहे का."

मध्ये तो दोन वर्षं साफ नाहीसा झाला. मी रात्री बारापर्यंत जागलो. शेवटी पुस्तकाच्या मागच्या पानांत सापडला. सें-आंरी भागात गेला होता, आणि सें-आंरी १९०५ पर्यंत वेगळं गाव होतं, म्हणून त्याची यादी मागे वेगळी. सापडल्यावर मी असा ओरडलो की लेक झोपेतून उठून आली. तिला वाटलं, छातीत दुखतंय.

आणि दोन खंडांनंतर ती ओळ आली. आडनाव, मारी, विड जोसेफ. घर नंबर तोच.

मी चष्मा काढून बसलो. तीन आठवडे मी या माणसामागे अख्खं शहर पायाखाली घातलं होतं. त्याच्या प्रत्येक बिऱ्हाडाला मी मनातल्या मनात पाट्या लावल्या होत्या. गेला बिचारा. आंघोळ करावी का, असंही क्षणभर मनात आलं. मग डोक्यात प्रकाश पडला की विहीणबाईंचे पणजोबा महायुद्ध बघून गेले, आणि हा १८९१ सालीच गेलाय. म्हणजे हा आपला नव्हेच. आपण परक्याचं सुतक धरून बसलोय.

(त्या निमित्ताने एक कळलं. गाडीवानाची बायको नवरा जिवंत असेतो त्या पुस्तकात नसतेच. तो गेला की तिला ओळ मिळते, तीही त्याच्या नावाची शेपटी लावून. चर्चच्या वहीत मात्र बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने, मरेपर्यंत. हे ऐकून आमची ही म्हणाली, "चर्चचं बरोबर आहे.")

शहर हरलं म्हणून मी गावाकडे वळलो. शोधाची दिशा बदलणं याला आमच्या खात्यात 'रिडायरेक्ट' म्हणतात. चिठ्ठीतलं 'सेंट आंत.' म्हणजे सेंट आंत्वान रस्ता, मॉन्ट्रियलमधला, हे उघडच होतं; राहिलं 'आर. द्यू लू', म्हणजे रिव्हिएर-द्यू-लू, लांडग्याची नदी. तेच मूळ गाव. पत्त्यात आधी रस्ता, मग गाव. चौतीस वर्षांचा अनुभव.

आता गॅझेटियर, म्हणजे गावागावांच्या माहितीचं पुस्तक, हे प्रकरण मला आधी माहीत असतं तर मी जोसेफच्या नादी लागलोच नसतो. लव्हेलने १८७१ साली प्रांताची डिरेक्टरी काढली, १८७३ साली आख्ख्या ब्रिटिश उत्तर अमेरिकेचं गॅझेटियर. त्याच्याही आधी बुशेत नावाच्या सर्वेअर जनरलने १८३२ च्या सुमारास एकेका जहागिरीची बैजवार वर्णनं छापली. गावाचं नाव, नदीचा कुठला काठ, गिरण्या किती, लोकसंख्या अंदाजे, आणि मग ते दोन शब्द, जे वाचून माझा ऊर भरून आला: 'टपाल रोज'. काही गावांना आठवड्यातून तीनदा, काहींना एकदाच. मी चार दिवस जोसेफला विसरून कुठल्या गावाला टपाल कमी मिळत होतं याची यादी करत बसलो. वहीत आहे अजून. कुणाला हवी असल्यास.

त्या नकाशांवर एका गावाचं नाव आहे सें-लुई-द्यू-हा! हा! उद्गारचिन्हं माझी नाहीत, सरकारी नावातच आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये हा-हा म्हणजे वाटेत अचानक आलेला अडथळा. मला मात्र ते गाव माझ्याकडे बघून हसतंय असं वाटलं. आणि ते रिव्हिएर-द्यू-लूच्या जवळच आहे, हे मी शकुन समजून सोडून दिलं.

रिव्हिएर-द्यू-लू मिळालं. मधल्या काळात, १८५० ते १९१९, त्याचं नाव फ्रेझरव्हिल होतं. तेही मी शोधून काढलं आणि रविवारी जेवताना जाहीर केलं. विहीणबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. जावयाने शनिवारी गाडी काढली. चारशेहून जास्त किलोमीटर, पाच माणसं, आमच्या हिने केलेले मेथीचे ठेपले.

गाव सुरेख आहे. सेंट लॉरेन्स नदी तिथे इतकी रुंद की मी तिला तीनदा समुद्र म्हणालो. विहीणबाई काठावर वाऱ्यात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी एक चपटा करडा दगड उचलला, पुसला आणि पर्समध्ये ठेवला. माझा हात दोन्ही हातांत धरून फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. लेकीने भाषांतर केलं नाही. तिचाही गळा दाटला होता. मी सेवापुस्तकात चांगला शेरा पडल्यासारखा उभा होतो.

परत आल्यावर नुसती औपचारिकता म्हणून पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या बघायच्या होत्या. १९४० च्या दशकात ड्रुअँ नावाच्या वंशावळीवाल्या संस्थेने त्या गावोगावच्या वह्या फिल्मवर घेतल्या, म्हणून आज दिसतात. रिव्हिएर-द्यू-लूची पॅरिश सेंट पात्रिसची. तिच्यात या आडनावाचा आमचा जोसेफ नाही. आधी नाही, नंतर नाही.

लेक माझ्या खांद्यावरून चिठ्ठी बघत होती. म्हणाली, "बाबा, सेंट आंत्वान हा रस्ताच कशावरून?"

काही प्रश्न पोटच्या पोरांनी विचारू नयेत.

गॅझेटियर पुन्हा उघडलं. रिव्हिएर-द्यू-लूची नोंद मी वाचली होती ती 'आं बा', म्हणजे खालच्या अंगाची. तिच्याच खाली दुसरी होती. रिव्हिएर-द्यू-लू 'आं ओ', वरच्या अंगाची. रोमन लिपीत 'बा'चा बी आधी येतो, 'ओ'चा एच नंतर, आणि मी पहिल्या नोंदीवर समाधान मानून पुस्तक मिटलं होतं. हे वरचं गाव मॉन्ट्रियलहून जेमतेम शंभर किलोमीटर. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या लुईझ नावाच्या लेकीवरून त्याचं लुईझव्हिल झालं, म्हणून आजच्या नकाशावर सापडत नाही. तिथल्या पॅरिशचं नाव सेंट आंत्वान. पॅरिश आधी, मग गाव. चिठ्ठीत पत्ता पूर्ण होता. विहीणबाई तीनशेहून जास्त किलोमीटर चुकीच्या ठिकाणी रडल्या होत्या.

बुद्रुक आणि खुर्द! याच घोळापायी आपल्याकडे १९७२ साली पिनकोड आला. तो का आला, हे मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहून शिकवायचो.

सेंट आंत्वानच्या वहीत जोसेफचं लग्न पंधरा मिनिटांत सापडलं. पण तिथे त्याचं आडनाव विहीणबाईंचं होतं, मग 'दी', आणि मग आणखी एक आडनाव. 'दी' म्हणजे आपलं ऊर्फ. १६६५ साली फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या शिपायांना अशी टोपणनावं असत. लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर, आणि वादबोंकर म्हणजे 'खुशीने जातो'. (असा एकही माणूस मला नोकरीत भेटला नाही.) ही नावं पुढे घराण्यांना चिकटली. रुआ दी देजार्दां, मिव्हिल दी देशेन अशी जोडनावं झाली. पुढच्या पिढ्यांत कुणी पुढचं ठेवलं, कुणी मागचं, आणि कुणी दारावर येईल त्या माणसाला त्या दिवशी आठवेल ते सांगितलं.

लव्हेलमध्ये मी ऊर्फच्या पलीकडचं आडनाव उघडलं. १८८७, जोस., गाडीवान, पाने रस्ता. १८८८, तिथेच. १८८९, तिथेच. हा माणूस घरच बदलत नव्हता! सबंध शहर १ मेला फिरत होतं आणि हा एका जागी बसून माझी वाट बघत होता.

रविवारी मी विहीणबाईंना सगळं सांगितलं. गाव चुकल्याचंही सांगितलं. आमची ही टेबलाखालून पाय मारत होती तरी सांगितलं. विहीणबाईंनी पर्समधून तो करडा दगड काढला, बघितला, आणि डब्यात फोटोशेजारी ठेवून दिला. लेकीने भाषांतर केलं: "त्या म्हणतायत, दगड चांगला आहे."

मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचे पणजोबा कुठले?"

"आम्ही मूळचे पिंपळगावचे," मी ताठ बसून सांगितलं.

विहीणबाईंनी चष्मा लावला, टॅबलेट पुढे ओढला आणि हळूहळू एकेक अक्षर टाइप केलं. बराच वेळ बोट वर-वर सरकत राहिलं. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बुद्रुक, खुर्द, बसवंत, आणखी कुठली कुठली, थेट खालपर्यंत. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या भुवया उंचावल्या.

मी उठून गॅलरीत गेलो आणि पुण्याला दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

"दादा, आपलं पिंपळगाव कुठलं रे? बुद्रुक की खुर्द?"

बराच वेळ पंख्याचा आवाज आला.

"मला काय विचारतोस?" दादा म्हणाला. "पोस्टात तू होतास."