पंधरा मिनिटांचं काम

कॉम्प्युटरच्या जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवायला पंधरा मिनिटं लागतात, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही. चार स्क्रू, दोन केबली, झाकण बंद. तसं पाहिलं तर सोयाबीनचा दाणा मातीत पडायलाही क्षणच लागतो. बाकीची शेती त्या क्षणाच्या आधी आणि नंतर असते, आणि माझी सगळी तक्रार त्या बाकीच्याबद्दल आहे.

आधी रोग ओळखायचा. आमच्याकडे तक्रार एकाच वाक्यात येते, "भाऊ, कॉम्प्युटर लय हळू चालून रायला, याच्यातला व्हायरस काढून द्या ना." व्हायरस असेलही, पण त्या मशीनवर तोही बिचारा रांगेतच उभा असतो. खरी अडचण हार्डडिस्कची. लॅपटॉपातली चकती मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं टोक योग्य जागी न्यायचं, हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं, की पुन्हा दुसरीकडे धावायचं. अशा धावपळीत सेकंदाला साठ-सत्तर, फार तर शंभर तुकडे हाती लागतात. आणि विंडोज उघडताना हजारो बारीकसारीक फायली मागतं. तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) प्रत्येक उताऱ्यासाठी खुर्चीवरून उठावं, कपाट उघडावं, रुमाल सोडावा, कागद काढावा, रुमाल बांधावा आणि परत येऊन बसावं, तसला प्रकार. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे उठणं-बसणंच नाही. एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी.

विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडून पाहा. काही न करताही डिस्कसमोर १०० टक्के दिसत असेल तर निदान पक्कं. रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) २ जीबी असेल तर मात्र आधी ती ४ किंवा ८ करा. नाहीतर रॅम भरली की विंडोज डिस्कवर पथारी पसरतं आणि नवी एसएसडी त्यातच झिजते.

आता खरेदी. दुकानात जाऊन नुसतं "एसएसडी द्या" म्हणणं म्हणजे कृषी केंद्रात जाऊन "बियाणं द्या" म्हणणं. वाण तीन आहेत. पहिला अडीच इंची साटा (साटा म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत), ७ मिलिमीटर जाडीचा चपटा डबा. जुन्या डेस्कटॉपला आणि डिस्कवाल्या लॅपटॉपला हाच. दुसरा एम डॉट टू (मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारी पट्टी) साटा आणि तिसरा एम डॉट टू एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान जोडणीचा. हे शेवटचे दोघं जुळे भाऊ. दोघंही २२ मिलिमीटर रुंद, बहुतेक ८० लांब, म्हणून अंगावर २२८० लिहिलेलं. पण एकाच्या खाचेत दुसरा बसला तरी चालेलच असं नाही. मदरबोर्डची पुस्तिका पाहिल्याशिवाय पैसे काढू नका. साटाची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, एनव्हीएमईची साडेतीन हजार आणि पुढे. हे आकडे ऐकून जुन्या डेस्कटॉपवाल्याचा जीव खालीवर होतो. होऊ देऊ नका. एच ६१ चिपसेटच्या जुन्या बोर्डावर साटाची वाटच अर्धी आहे, तिथे २७० च्या आसपास अडकाल. तरी फरक डोळ्याला दिसेल, कारण आजार वेगाचा नव्हता, उठण्या-बसण्याचा होता.

२४० जीबीची एसएसडी लावली की विंडोज २२३ दाखवतं. लगेच फोन येतो, "काऊन बावा, सतरा जीबी कोनं खाल्ले?" कापसाच्या वजनात घट धरायची सवय असलेल्या मुलखात हा संशय रास्तच आहे, पण इथे कोणी काही खाल्लेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. माप दोन, माल तोच. खरी फसवणूक वेगळीच असते: ऑनलाइन मिळणारी कवडीमोल भावाची दोन टीबीची डबी. उघडली तर आत एक मेमरी कार्ड चिकटवलेलं, आणि वजन वाटावं म्हणून कधीकधी लोखंडाचा तुकडा. ती दाखवते दोन टीबी, पण खरी जागा भरली की पुढचा माल वाऱ्यावर. पूर्ण भरून परत वाचून पाहणारी फुकटची सॉफ्टवेअरं मिळतात. अनोळखी माल घेतलाच असेल तर आधी ती चालवा.

आणि केबल. एसएसडीच्या खोक्यात केबल नसते, ही बातमी तालुक्याहून तीस किलोमीटर एसटीनं घरी पोचल्यावर कळते. गावातल्या दुकानात "साटा केबल आहे का" विचारलं तर डिश टीव्हीची वायर पुढे येते. उपाय कॅबिनेटमध्येच बसलेला असतो: डीव्हीडी रायटर. त्याची डेटा केबल सात पिनांची, पॉवरची पंधरा पिनांची, आणि एसएसडीलाही नेमक्या त्याच लागतात. ती डीव्हीडी शेवटची कधी उघडली हे घरात कुणाला आठवत नसेल, तर काढून घ्यायला हरकत नाही. वरचं रिकामं तोंड तेवढं झाकून ठेवा, नाहीतर पाल राहायला येते.

दिवस निवडतानाही डोकं लागतं. सेतू केंद्रवाल्यानं पीकविम्याची शेवटची तारीख तोंडावर असताना जुलैत हे काम काढू नये. तारीख वाढण्याच्या भरवशावर तर मुळीच नाही. तान्हा पोळा बरा. पोरं नंदीबैल घेऊन गावात फिरत असतात, गिऱ्हाईक येत नाही.

हत्यार म्हणून गावात सगळ्यात आधी पुढे येतो तो टेस्टर. ज्यानं विजेचे स्विच खोलतात, त्याच्यानंच लॅपटॉपही खोलायचा असतो. तसं करू नका. लॅपटॉपला बारीक चौफुलीचा पेचकस लागतो, दुकानात त्याला पीएच झिरो म्हणतात. टेस्टरनं स्क्रूची चौफुली एकदा गोल झाली की पुढचं काम ड्रिलवाल्याकडे. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. सगळे एका लांबीचेही नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डाशेजारी टेंगूळ येतं. म्हणून मिसळणाचा डबा घ्या, एका वाटीत एका जागेचे स्क्रू. घरच्या बाईला विचारून घ्या, आणि मोहरी आधी काढा. झाकणाच्या कडेच्या क्लिपा जुन्या एटीएम कार्डानं सुटतात. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर काढणं, मग बाकीचं. एम डॉट टू एसएसडी खाचेत तिरकी, साधारण तीस अंशात सरकवायची, मग खाली दाबून टोकाला तो इवलासा स्क्रू. स्क्रू हरवला म्हणून चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो, गोंद पाघळतो आणि पट्टीचं टोक वर येतं.

डेस्कटॉपची गोष्ट सोपी. एसएसडी पन्नास-साठ ग्रॅमची, आत काही फिरत नाही, त्यामुळे उभी, आडवी, उलटी कशीही चालते. दोन स्क्रू नाहीतर दोन केबल टाय पुरतात. झाकण उघडलंच आहे तर आत साचलेला कापसाच्या भुसकटाचा गालिचाही काढा. पंखा बोटानं धरून मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखाच जनरेटर होऊन बसतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कूलरच्या झोतासमोर मांडी ठोकून बसला असाल तर मात्र कूलरच बाजूला करा. पाण्याचे तुषार मदरबोर्डला मानवत नाहीत.

इथवर आली ती पंधरा मिनिटं. आता खरी शेती.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर न्यायचं त्याला क्लोन म्हणतात. क्लोनच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. त्यात डिस्कची तब्येत पिवळी दिसली, आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याखेरीज काही असलं, तर क्लोनचा नाद सोडा. मरणाऱ्या डिस्ककडून सगळं वाचून घेण्याचा आग्रह धरला तर ती ४७ टक्क्यांवर डोळे फिरवते. अशा वेळी कामाच्या फायली आधी काढायच्या आणि विंडोज नव्यानं टाकायचं.

डिस्क धडधाकट असेल तर साटा-यूएसबी जोडणी घ्या, तिला नवी एसएसडी जोडा आणि निळ्या पोर्टात लावा. काळ्या, जुन्या यूएसबी २ च्या पोर्टात सेकंदाला तीसेक एमबीच सरकतात. २०० जीबीला पावणेदोन-दोन तास. निळ्यात तेच पाऊण तासात होतं. पाचशेच्या डिस्कवरून २४० वर जायचं तर आधी पार्टिशन (डिस्कवर आखलेला वाफा) आखडावं लागतं, आणि तिथं विंडोज अडतं. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, रिस्टोर पॉइंट हे विंडोजचेच तिघं मधोमध ठिय्या देऊन बसलेले असतात, जागचे हलत नाहीत. तिघांना तात्पुरतं बंद करा, मग जागा होते.

या सगळ्यात लाइन जाणार, हे धरूनच चालायचं. क्लोन चालू असताना गेली तर फार रडू नका. जुनी डिस्क नुसती वाचली जात असते, तिला काही होत नाही. नवी पुसून परत सुरू करायचं. पण पार्टिशन आखडत असताना गेली तर तो खरा घोटाळा, कारण तेव्हा जुन्यावरच उचलाउचल चाललेली असते. म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज, डेस्कटॉपला यूपीएस. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि हे ती लाइन गेल्यावरच सांगते; आधी भिंतीतला प्लग काढून परीक्षा घ्या.

विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तर आणखी एक गंमत. डिस्क बरेचदा आपोआप बिटलॉकरच्या कुलपात गेलेली असते. ते आधी उघडलं नाही तर नवीन डिस्कवर ४८ आकडी किल्ली मागतात. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुखरूप असते. खातं दुकानदारानं विकताना उघडून दिलेलं असतं. पासवर्ड दुकानदारालाही ठाऊक नसतो.

क्लोन झाला की पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. दोघांची ओळखखूण एकच असते, आणि एका सातबाऱ्यावर दोन मालक आले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. 'बूट डिव्हाइस नाही' आलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, कुठली डिस्क आधी तो क्रम पाहा. निळा पडदा आला तर तिथेच साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर गेलाय का ते पाहा. गेला असेल तर एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की विंडोज बहुधा स्वतःच सावरतं. पुढे डीफ्रॅगच्या (विखुरलेल्या फायली एकत्र लावण्याच्या) नादी लागू नका, ट्रिम नावाची झाडलोट विंडोज स्वतः करतं.

आता नव्यानं विंडोज टाकायची वेळ आली तर. "त्याच्यात काहीच नाही ना बावा, बिनधास्त उडवा." या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्यानं आपली सोय आपण पाहावी. काहीच नसलेल्या त्या मशीनच्या डेस्कटॉपवर साठ जीबी असतात. 'नवीन फोल्डर १७' मध्ये 'फायनल', त्यात 'फायनल नवीन', आणि खरी फाइल डाउनलोड्समध्ये.

त्याहून मोठा घात फॉन्टांचा. ग्रामपंचायतीचे दहा-बारा वर्षांचे ठराव कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेले असतात. हे युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी) नव्हे. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी सोंग देतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं आणि अख्खा ठराव रोमन अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो. लोक म्हणतात फाइल करप्ट झाली. नाही झाली. उडवण्याआधी फॉन्टचा फोल्डर आख्खा उचलून पेनड्राइव्हवर ठेवा, मग सोंग परत चढतं. सेतूवाल्यांनी अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही आधीच उतरवून ठेवावा. सही टोकनमध्ये शाबूत असते, पण ड्रायव्हराशिवाय कॉम्प्युटर तिला ओळखत नाही.

आणि ज्यांचं मशीन फार जुनं, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही. एसएसडीमुळे बैल तरणा होत नाही, गाडीचा आस तेवढा गुळगुळीत होतो.

काम झालं. पूर्वी बटण दाबून चहा टाकायचा, कप संपेपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. आता पंधरा सेकंदांत दिसतो. मग माणूस पोर्टल उघडतो, आणि तिथं ते गोल फिरत राहतं. "भाऊ, एसएसडी खराब निघाली वाट्टे." सर्व्हर मुंबईचा, रेंज टॉवरची, बोल मात्र पेचकसवाल्याला.

राहिली जुनी डिस्क. महिनाभर तिला हात लावू नका. एखादी फाइल राहिलीच असं पंधराव्या दिवशी कळतं. पुढे ती खोक्यात घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरा. लग्नाचे फोटो ठेवायला तीच बरी, कारण विजेविना वर्षानुवर्षं पत्र्याच्या तापल्या खोलीत पडलेली एसएसडी हळूहळू विसरू लागते. डिस्क टाकायचीच असेल तर चकत्या शेतात टांगण्याची आमच्याकडे हौस. डिलीट मारल्यानं माहिती जात नाही, ती आधी वरून दुसरं काही लिहून पुसा. तारकेच्या आकाराचा स्क्रू असतो, बहुधा टी ८; टेस्टर इथंही चालत नाही. डेस्कटॉपच्या चकत्या साधारणपणे अ‍ॅल्युमिनियमच्या, लॅपटॉपच्या पुष्कळदा काचेच्या, त्या पेचकस लागला की फुटून डोळ्यात उडतात. तेव्हा डेस्कटॉपचीच घ्या. ज्वारीत दोरीला बांधली की पाखरं चार दिवस बिचकतात. पाचव्या दिवशी शेजारच्याच कणसावर बसून दाणे टिपतात, आणि ग्रामपंचायतीची चकती वर फिरत असते, मिनिटाला ७२०० नव्हे, वाऱ्याच्या मर्जीनं.