पूर्वी इथे काहीच नव्हतं

उपनगराचा इतिहास लिहायची पाळी आज ना उद्या तुमच्यावर येणारच. सोसायटीची स्मरणिका निघते, समिती बसते आणि ‘तुम्ही वाचता-बिचता ना, मग द्या की दोन पानं’ असं कोणीतरी लिफ्टमध्ये गाठून सांगतं. मलाही सांगितलं. मी लिहून दिली. छापून आलं अर्धं पान, आणि त्यातलं पहिलंच वाक्य माझं नव्हतं: ‘पूर्वी इथे काहीच नव्हतं, नुसतं माळरान होतं.’ उरलेल्या अर्ध्या पानावर मॉड्युलर किचनची जाहिरात. तुमचे तरी कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून समितीला पसंत पडेल असा इतिहास कसा लिहावा, ते सांगून ठेवतो.

सुरुवात ‘काहीच नव्हतं’ इथूनच करा. यात सोय फार आहे. विहीर नव्हती, पाणंद नव्हती, गायरान नव्हतं असं एकदा ठरलं की ते सगळं गेलं कुठे हे कोणी विचारत नाही. पुण्यात हे वाक्य लिहायला तसं धाडसच लागतं. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर, तिथे पाताळेश्वराचं लेणं आहे, आठव्या शतकातलं. ओसाड माळावर खडक फोडून देवाला घर करायला कोण येत होतं? पण समितीत एवढं कोण बघतंय.

थोर माणूस घ्यावा, पण एकच. याबाबतीत कर्वेनगरवाल्यांची चैन आहे. महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम 1900 मध्ये हिंगण्याला नेला, एवढं लिहून फोटो टाकला की पान भरतं. ज्या कामाला शहरात नाकं मुरडली जात होती त्याला जागा मिळाली ती शहराबाहेरच्या हिंगणे बुद्रुकात, हे मात्र गाळा. गावाला श्रेय द्यायची आपल्यात पद्धत नाही.

सातबारा उघडू नका. फेरफार तर नकोच नको.

तारखा भरपूर घाला, त्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. 1997 मध्ये 38 गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत घेतली, त्यातली काही पुढे वगळली, 2017 मध्ये 11 आली, 2021 मध्ये आणखी 23. झाला इतिहास. उरुळी देवाची आणि फुरसुंगी हद्दीत आली 2017 मध्ये, शहराचा कचरा मात्र तिथे त्याआधी कित्येक वर्षं मुक्कामाला होता, आणि 2024 मध्ये ही दोन्ही गावं पुन्हा हद्दीबाहेर काढली, असलं काही लिहू नका. स्मरणिका मंगलप्रसंगी निघते.

शेतकऱ्यावर एक विनोद हवाच. जमीन विकली, गाडी घेतली, गळ्यात साखळी घातली, हा चालतो. हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि अख्खं नगर वसवलं, हे सांगितलंत तर विनोद पडतो.

आता पाणी. ते ‘निसर्गरम्य परिसर’ या दोन शब्दांत आटपायचं. मी आटपलं नाही, म्हणून माझ्या मजकुरावर कात्री चालली. मी लिहिलं होतं की हे शहर आधीपासून गावांच्या पाण्यावर जगलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्याचं पाणी नळातून थेट पेठांत आलं. 1879 पर्यंत खडकवासल्याचं धरण उभं राहिलं, त्याच्या कालव्यावर हडपसरकडचे मळे पिकले. आज त्याच गावांच्या विहिरी उपसून टँकर आपल्या गेटावर उभे राहतात आणि आपण गावावर रागावतो, का तर टँकरने रस्ता खराब होतो! पण समितीला खटकलं ते हे नाही. खटकला तो ओढा. आमच्या बी विंगखालून ओढा जात होता. जुन्या नकाशावर आहे, गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, बोटाने दाखवेल. बिल्डरने तो पाइपात घातला, मग पाइप बुजवला, मग त्यावर पार्किंग आखलं. दर पावसाळ्यात तळघरात कमरेएवढं पाणी चढतं, आम्ही पंप लावतो, ग्रुपवर ‘ड्रेनेजचा प्रॉब्लेम’ असा मेसेज टाकतो आणि वर्गणी काढतो. ड्रेनेज कसलं डोंबलाचं? ओढा आहे तो, स्वतःच्या वाटेने चाललाय! 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते याच शहराने पाहिलंय. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. एवढं होऊनही समितीचं उत्तर काय? ‘रिसेलवर परिणाम होईल.’ परिच्छेद उडाला.

शेवटी ‘गावकरी बांधवांचे सहकार्य’ असं एक वाक्य टाका. कोणते गावकरी, ते लिहायला लागत नाही.

मला तर आता असं गोड गोड लिहिणं जमेनासं झालंय. अहो, ज्या देवळातल्या काकड्याचा आवाज होतो म्हणून तुम्ही सह्या गोळा करून पोलिसांत अर्ज दिलात, ते देऊळ तुमचा प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, व्हायच्या किती आधीचं आहे, याची चौकशी न करता सही केलीत. जत्रेच्या दिवशी गाडी काढता येत नाही म्हणून ओरडता. वर्षातून एक दिवस येते ती पालखी, तुमची गाडी रोज आहे. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, घरावर घर चढवलेलं, शी, अशी तुमची तक्रार. मग ती माणसं पसरणार कुठे? चहूबाजूंनी तुमच्याच कंपाउंडच्या भिंती आहेत. इथे येऊन राहिलात याबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही, मीही बाहेरूनच आलोय. पण यायचं, राहायचं, पाणी प्यायचं आणि वर छापून सांगायचं की इथे कोणी नव्हतंच, ही शुद्ध लबाडी आहे.

आणि मागच्या बाजूला, गावातून स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर, ‘सुरक्षेसाठी’ म्हणून जे गेट बसवलंय त्याचं कुलूप काढा. लोकांना खांद्यावर मयत घेऊन मुख्य रस्त्याला वळसा घालावा लागतो. ती वाट सोसायटीची नाही.