सायखातं

आमच्या घरी दुधाच्या पातेल्याला हात लावायचा अधिकार एकट्या आईचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने खाटेवरूनच खातेवाटप केलं. विरजण, लोणी आणि तूप बायकोकडे गेलं. साय माझ्याकडे आली. चिरंजीवांनी बेरीत साखर घालून खाण्याचं खातं परस्पर लाटलं.

साय काढणं म्हणजे काय, हे काढणाऱ्यालाच कळतं. सायीबरोबर दूध आलं तर विरजण पाणचट होतं. साय मागे राहिली तर चहात तरंगते, आणि ती ओठाला लागली की चिरंजीव जळू चिकटल्यासारखे किंचाळतात. ही दोन्ही संकटं टाळून साय अखंड उचलायची, तीही आई खाटेवरून मान उंचावून बघत असताना.

सुटका म्हणून मी टोन्ड दूध आणून पाहिलं. त्यात स्निग्धांश 3 टक्के. त्याची साय काढायला चमचा नव्हे, चिमटा हवा. आईने पातेल्यात डोकावून विचारलं, "दूध आणलंस की दुधाची आठवण?" पुन्हा म्हशीचं सुरू झालं. ओग्यूस्त गोलँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1899 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. दूध बारीक फटीतून जोराने दाबायचं, म्हणजे स्निग्धाचे कण फुटतात आणि वर जमायचं विसरतात. माझ्या मते त्याचा चौकात पुतळा हवा. आईच्या मते त्याच्यावर खटला.

काम टळत नाही तर निदान त्याला भारदस्त नाव तरी असावं, म्हणून मी जुने इंग्रजी शब्द धुंडाळले. तिकडे कच्चं दूध पसरट थाळ्यांत निवत ठेवायचे आणि वर आलेलं क्रीम भोकं पाडलेल्या चपट्या झाऱ्याने ओढून घ्यायचे. पूर्व इंग्लंडातल्या सफोककडे याला 'फ्लीट' म्हणत, आणि खाली उरायचं ते 'फ्लेट मिल्क'. क्रीमचं जुनं नाव 'रीम'. आजच्या इंग्रजीत फ्लीट म्हणजे आरमार आणि रीम म्हणजे कागदाचा गठ्ठा; दोन्ही दुधातच सापडले! शिवाय लॅटिनमधून आलेला 'डिस्प्युमेट', म्हणजे वरचा फेस काढणे. हा मला फार आवडला. एका सकाळी बायकोला ऐटीत म्हटलं, "मी डिस्प्युमेट करतोय."

"आधी गॅस बारीक करा," ती म्हणाली.

सफोकवाल्यांचा हिशेब मात्र आमच्या घरासारखाच होता. लोणी लंडनला विकायचं आणि उरलेल्या निथळ दुधाचं चीज करायचं. ते इतकं कडक व्हायचं की लोक त्याला 'सफोक बँग' म्हणायचे. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने 1661 सालच्या डायरीत नोंदवलंय की हे चीज खायला लागतं म्हणून घरची नोकरमाणसं कुरकुरली आणि बायको त्यांच्यावर भडकली. आमच्याकडे लोणी निघालं की ताकाची कढी होते, सकाळी कढी, रात्री कढी, आणि कुरकुरणाऱ्याचं तेच होतं.

सगळ्यात भारी शब्द 'स्किमिंग्टन', म्हणजे एक धिंड. तो बहुधा साय काढायच्या झाऱ्यावरूनच आला. एखादा नवरा बायकोचा मार खातो असं कळलं की अख्खा गाव भांडी बडवत धिंड काढायचा. घोड्यावर त्या जोडप्याची सोंगं बसवायची आणि सोंगातल्या बायकोने सोंगातल्या नवऱ्याला झाऱ्याने झोडपायचं. म्हणजे मार घरात खायचा आणि अब्रूही गावभर जायची. त्या नवऱ्याबद्दल मला भाऊबंदकीचा नव्हे, बंधुभावाचा उमाळा आला. होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1726 मध्ये या धिंडीचं चित्र कोरलं आहे. ते मी बायकोला मोबाइलवर दाखवलं. तिने दोन बोटांनी मोठं करून बराच वेळ पाहिलं.

"आपल्या झाऱ्याचा दांडा आखूड आहे," ती म्हणाली. "तुळशीबागेत लांब मिळतो."

खाटेवरून आई म्हणाली, "पितळेचा बघ गं. हलका घेऊ नकोस."